एक भाग काढला की यंत्र बंद पडतं, म्हणून ते एकदमच घडलं असेल का? (इंटेलिजंट डिझाइन आणि उत्क्रांती)

जीवपेशी

इंटेलिजंट डिझाइन (पुढे फक्त आयडी), म्हणजे सजीवांची रचना कुणा बुद्धिमान कर्त्याने केली असा दावा. हा विषय मराठीत निघाला की दहाव्या प्रतिसादापर्यंत चर्चा 'देव आहे की नाही' इथे पोचते. तो प्रश्न इथे नको, ही विनंती. या धाग्यात आयडीचा सर्वांत दमदार युक्तिवाद घ्यायचा आहे आणि तो प्रयोगशाळेतल्या पुराव्यावर तपासायचा आहे.

अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी १९९६ मध्ये 'इरिड्यूसिबल कॉम्प्लेक्सिटी'ची कल्पना मांडली. एकमेकांशी नेमके जुळलेले अनेक भाग मिळून एक काम करतात आणि त्यातला कुठलाही एक काढला तर काम थांबतं, अशी ही रचना. बीहींचा निष्कर्ष असा: नैसर्गिक निवड उपयोगी पडणाऱ्या गोष्टीच टिकवते, अर्धवट यंत्र काहीच उपयोगाचं नसतं, म्हणून असं यंत्र पायरीपायरीने तयार होऊच शकत नाही.

त्यांचं आवडतं उदाहरण म्हणजे जिवाणूची शेपटी, फ्लॅजेलम. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या पेशीआवरणात एक फिरती मोटर असते. हायड्रोजन आयन बाहेरून आत येताना तिला फिरवतात. तिला जोडलेला दांडा, मग बाकदार हूक, मग लांब तंतू. फ्लॅजेलिन या एकाच प्रथिनाचे साधारण २०,००० रेणू त्या तंतूत रचलेले असतात. हे रेणू पेशीच्या आत तयार होतात, तंतूच्या पोकळीतून पुढे ढकलले जातात आणि टोकाला जाऊन बसतात. म्हणजे शेपटी मुळाकडून नाही, शेंड्याकडून वाढते. मोटर सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेते आणि दिशाही बदलते.

आता 'काढून पाहा' हा भाग. तो खराच आहे, आणि आयडीविरोधकांनी तो नाकारण्यात काही अर्थ नाही. जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या प्लेटमध्ये दीड टक्का अगार (जेलीसारखा घट्ट करणारा पदार्थ) असतं. त्याऐवजी ०.३ टक्के घेतलं की अगार इतकं मऊ राहतं की जिवाणू त्यातून पोहू शकतात. मधोमध टोचून ठेवलं की पोहणाऱ्या जिवाणूंचं वर्तुळ पसरत जातं. फ्लॅजेलिनचं जनुक काढा, ठिपका जागीच राहतो. हूकचं जनुक काढा, तेच. मोटए नावाचं मोटरचं प्रथिन काढलं तर आणखी बोलकं चित्र दिसतं: सूक्ष्मदर्शकाखाली शेपटी अख्खी आहे, पण फिरत नाही.

अडचण पुढच्या पायरीत आहे. भाग काढल्यावर कळतं ते *आज* कोण कोणावर अवलंबून आहे एवढंच. ते अवलंबित्व कसं आलं याबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही. आधी नुसता सोयीचा असलेला भाग, बाकीचे भाग त्याच्या भरवशावर बदलल्यावर अत्यावश्यक होऊ शकतो. हे बीहींना उत्तर म्हणून नंतर शोधलेलं स्पष्टीकरण नाही. जनुकशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी १९१८ मध्येच लिहून ठेवलं होतं की उत्क्रांतीतून एकमेकांत गुंतलेल्या, एक काढला तर बाकीचे कोसळतील अशा रचना तयार होणं अपेक्षितच आहे. आयडीवाले ज्याला अशक्य म्हणतात, ते या सिद्धांताचं जवळजवळ ऐंशी वर्षं जुनं भाकीत होतं.

जाणकारांनी भर घालावी. विरोधी मतही हवंच, फक्त नेमकं असावं.

अथांग

उत्तम सुरुवात. उत्क्रांतीच्या बाजूने लिहिणारे बरेच लोक इथे एक गोष्ट उलटी सांगतात, ती आधीच दुरुस्त करून घेऊ.

शेपटीच्या तळाशी प्रथिनं बाहेर ढकलणारा जो पंप आहे, तसाच पंप काही रोगकारक जिवाणूंमध्ये 'सुई'च्या रूपात असतो. त्याला टाइप थ्री सिक्रीशन सिस्टीम म्हणतात. साल्मोनेलात आहे, आणि १८९६-९७ मध्ये मुंबई-पुणं उद्ध्वस्त करणाऱ्या प्लेगच्या जिवाणूतही, म्हणजे यर्सिनिया पेस्टिसमध्ये आहे. सुईतून तो आपल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये विषारी प्रथिनं टोचतो. या सुईच्या गाभ्यातली नऊ-दहा प्रथिनं शेपटीच्या प्रथिनांशी नात्याची आहेत.

लोकप्रिय मांडणी अशी की 'आधी सुई होती, तिची शेपटी झाली'. जनुकक्रमांची तुलना तसं सांगत नाही. २०१२ मध्ये सोफी अॅबी आणि एदुआर्दो रोशा यांनी शेकडो जिवाणूंच्या जीनोममधून वंशवृक्ष काढला, तेव्हा सुया शेपटीच्या फांदीतून फुटलेल्या निघाल्या. म्हणजे शेपटी जुनी, सुई नंतरची.

मग मुद्दा गेला का? नाही. बीहींचा दावा होता की भाग काढले की उरतं ते निकामी. इथे दांडा, हूक, तंतू, मोटर हे सगळं गेलेलं आहे आणि उरलेला गाभा व्यवस्थित काम करतो, फक्त वेगळं काम. दावा पाडायला एवढं पुरेसं आहे. शेपटीचा पूर्वज मात्र दुसरीकडे शोधावा लागतो आणि त्याचे धागे सापडतात. मोटरची मोटए-मोटबी ही जोडी एक्सबीबी-एक्सबीडी आणि टोलक्यू-टोलआर या जोड्यांच्या नात्यातली आहे. त्या जोड्याही आयनांच्या प्रवाहावर चालतात, पण पोहण्याशी त्यांचा संबंध नाही. पंपाला ऊर्जा पुरवणारं फ्लीआय हे प्रथिन तर आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) बनवणाऱ्या एन्झाइमच्या भागाशी नातं सांगतं.

शोधयात्री

मी आयडीकडे झुकलेला आहे, म्हणून नेमकेच आक्षेप मांडतो.

१) नातं म्हणजे मार्ग नव्हे. प्रथिनांचे नातेवाईक दाखवले म्हणून ते एकत्र कसे आले हे सिद्ध होत नाही. शेपटीच्या जुळणीला साधारण चाळीस जनुकं लागतात. तुम्ही दाखवताय ते सुटे भाग.

२) रचनाकार एकच असेल तर तोही जुने भाग पुन्हा वापरेल. साम्य हा दोन्ही बाजूंचा पुरावा आहे.

३) बीहींनी २००७ मध्ये क्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाचं उदाहरण दिलं. मलेरियाच्या परजीवीत क्लोरोक्विनला दाद न देणारा प्रकार साधारण १०^२० पेशींमागे एकदा उगवतो, असा एक अंदाज होता. बीहींचं म्हणणं होतं की त्यासाठी किमान दोन उत्परिवर्तनं लागत असणार. २०१४ मध्ये प्रयोगातून तसंच निघालं. दोनच बदलांना इतका वेळ लागत असेल, तर चाळीस जनुकांच्या यंत्राचं काय?

सूक्ष्मा

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर मी देते, बाकीचं धागाकर्ते देतील.

२०१४ चं काम पीएफसीआरटी या वाहक प्रथिनावरचं आहे. परजीवीच्या पोटातून क्लोरोक्विन बाहेर नेण्याची थोडीशी क्षमता यायला किमान दोन बदल लागतात, हे त्यात खरंच दिसलं. पण त्याच कामात पुढेही काही आहे. चांगल्या क्षमतेपर्यंत जायला एकाहून अधिक वाटा आहेत आणि बदल विशिष्ट क्रमाने आले तर क्षमता वाढत जाते. 'किमान दोन लागतात' आणि 'दोन्ही एकाच क्षणी लागतात' ही विधानं वेगळी आहेत. पहिला बदल निरुपद्रवी असेल तर तो परजीवींच्या प्रचंड संख्येत आधीपासून फिरत राहू शकतो.

१०^२० हा आकडा उत्परिवर्तनाचा दर नाही. प्रतिकार निर्माण झाला, रुग्णात वाढला, डासातून पुढे गेला, पसरला आणि डॉक्टरांच्या लक्षात आला, एवढ्या चाळण्यांतून उरलेल्या घटनांचा तो अंदाज आहे. मधेच विरून गेलेले प्रकार त्यात मोजलेलेच नाहीत. प्रथिनांचे दोन नवे जोड लागतील असं धरून बीही तो आकडा स्वतःशीच गुणतात. '१०^४० म्हणजे अशक्य' असं म्हणताना आणखी एक गृहीतक लपतं: आज जी प्रथिनजोडी दिसते, नेमकी तीच आधीपासून ठरलेलं लक्ष्य होती. उत्क्रांतीला लक्ष्य नसतं. उपयोगी पडेल असं काहीही चालतं.

'यादृच्छिक क्रमातून कामाचं प्रथिन निघणं किती दुर्मिळ' याचं थेट मोजमापही झालेलं आहे. २००१ मध्ये कीफ आणि शॉस्टक यांनी ८० अमिनो आम्लांचे साधारण ६ लाख कोटी यादृच्छिक क्रम बनवले आणि एटीपीला चिकटणारे वेचले. चार स्वतंत्र कुळं मिळाली. म्हणजे १०^११ मध्ये एक, असा ढोबळ अंदाज. आयडीच्या लेखनात १०^७७ हा आकडा येतो तो डग्लस अॅक्स यांच्या २००४ च्या कामातून. तिथे मुद्दाम अशक्त केलेल्या एका विशिष्ट एन्झाइमपासून सुरुवात करून विशिष्ट घडीच (प्रथिन दुमडून होणारा आकार) तपासली होती. दोन्ही कामं खरी आहेत, पण प्रश्न वेगवेगळे विचारलेले आहेत.

जीवपेशी

@शोधयात्री, पहिला आक्षेप रास्त आहे. शेपटीचा पायरीवार इतिहास पूर्ण उलगडलेला नाही आणि तसा दावा कुणी करू नये. पण बीहींचं विधान 'माहीत नाही' असं नसून 'होऊच शकत नाही' असं आहे. अशा सर्वसाधारण नकाराला उत्तर म्हणून असं एखादं यंत्र प्रत्यक्ष घडताना दाखवता आलं तर पुरे. तसं एक आहे.

पेशीतल्या कप्प्यांमध्ये आम्ल भरणारा एक प्रोटॉनपंप असतो, व्ही-एटीपेझ. त्याच्या तळाशी प्रथिनांचं कडं असतं. प्राण्यांमध्ये हे कडं दोन प्रकारच्या प्रथिनांचं. यीस्ट आणि इतर कवकांमध्ये तीन प्रकारच्या: व्हीएमए-३, व्हीएमए-११ आणि व्हीएमए-१६. यीस्टमधून तिघांपैकी कुठलंही एक काढा, कडं जुळत नाही, पंप बंद. व्याख्येत चपखल बसणारं उदाहरण.

अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठातल्या जोसेफ थॉर्नटन आणि टॉम स्टीव्हन्स यांच्या गटांनी २०१२ मध्ये हे असं सोडवलं:

पहिल्यांदा, अनेक सजीवांमधल्या या प्रथिनांचे क्रम जमवून वंशवृक्ष काढला. व्हीएमए-३ आणि व्हीएमए-११ ही एकाच पूर्वज जनुकाच्या दुप्पट होण्यातून आलेली भावंडं आहेत, हे कळलं.

मग त्या पूर्वज प्रथिनाचा सर्वांत संभाव्य क्रम संख्याशास्त्राने काढला आणि तो डीएनए प्रत्यक्ष तयार केला.

व्हीएमए-३ नसलेल्या यीस्टमध्ये तो घातला, यीस्ट वाढलं. व्हीएमए-११ नसलेल्यात घातला, तिथेही वाढलं. एकटा पूर्वज दोघांचं काम करतो. (चाचणीसाठी जास्त कॅल्शियम क्लोराइड घातलेलं माध्यम वापरतात. पंप बंद असलेलं यीस्ट नेहमीच्या माध्यमात कसंबसं तगतं, पण जास्तीचं कॅल्शियम कप्प्यात कोंबायला आम्ल लागतं, म्हणून इथे ते वाढत नाही. या तपशिलाकडे दुर्लक्ष केलं तर निकाल चुकीचा वाचला जातो.)

शेवटी, दुप्पट झाल्यावर जे बदल इतिहासात आले होते, त्यातले एकेक पूर्वजात घालून पाहिले. प्रत्येक बाजूला एकच बदल पुरेसा ठरला. शेजाऱ्याशी जुळण्याची एक जागा एका भावंडाने गमावली आणि दुसरी जागा दुसऱ्याने. दोघांचं उणं एकमेकांना पूरक असल्यामुळे दोघंही अपरिहार्य झाले.

इथे नवं कौशल्य कुणीच मिळवलेलं नाही. गुंतागुंत वाढली ती *गमावण्यातून*. जनुक दुप्पट होणं आणि एखादी क्षमता बिघडणं, या दोन्ही घटना निसर्गात रोज घडतात. या विषयावर एकच शोधनिबंध वाचायला वेळ असेल, तर शेपटीवरचा वाचू नका, हा वाचा.

दुसरा आक्षेप, 'एकच रचनाकार'. साम्य दोन्ही बाजूंना चालेल, पण *कशाचं* साम्य ते बघा. माणसाची गुणसूत्रं ४६, चिंपांझी-गोरिलांची ४८. पूर्वज एक असेल तर एक जोडी कुठेतरी सांधली गेली असली पाहिजे. माणसाचं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं तर मधोमध, एरवी टोकांवर असणारा टेलोमेरचा क्रम सापडतो, दोन तुकडे तोंडाला तोंड लावून जोडल्यासारखा, आणि एक निकामी झालेला जादा सेंट्रोमिअरही (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरलं जातं ती जागा). सांधा कुठे आणि कसा असेल हे अपेक्षेप्रमाणे निघालं. रचनाकाराच्या कल्पनेतून हे आधी सांगता आलं असतं का? नसेल, तर ती कल्पना या साम्याचं स्पष्टीकरण देत नाही, मागून फक्त मान्यता देते.

पिंपळपार

+१. व्हीएमएचं काम मराठीत पहिल्यांदाच इतकं नीट वाचलं.

सूक्ष्मा

गमावण्याचं उदाहरण झालं, आता नवी क्षमता मिळाल्याचं देते. लेन्स्कींचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, पण पद्धत माहीत नसते, आणि आक्षेप नेमके पद्धतीवर असतात.

२४ फेब्रुवारी १९८८ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठात, अर्व्हाइनला, रिचर्ड लेन्स्की यांनी ई. कोलायच्या एकाच वाणापासून १२ फ्लास्क सुरू केले. रोज प्रत्येकातून ०.१ मिलिलिटर काढून ९.९ मिलिलिटर ताज्या माध्यमात घालायचं. तापमान ३७ अंश. ग्लुकोज लिटरला फक्त २५ मिलिग्रॅम, म्हणजे जिवाणू रोज काही तासांतच उपाशी पडतात. शंभरपट विरळ केल्यावर पुन्हा शंभरपट वाढायला ६.६४ वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणून दिवसाला ६.६४ पिढ्या. दर ५०० पिढ्यांनी, म्हणजे ७५ दिवसांनी, नमुना गोठवायचा. हा गोठवलेला साठा प्रयोगाचा प्राण आहे, कारण त्यातून मागच्या कुठल्याही काळातले जिवाणू जिवंत करून पुन्हा पळवता येतात.

एका फ्लास्कमधलं दुसऱ्यात शिंपडलं गेलं तर? त्यासाठी सहा फ्लास्कमध्ये अरॅबिनोज साखर वापरू शकणारा प्रकार आणि सहांत न वापरू शकणारा. विशिष्ट प्लेटवर एकाच्या वसाहती पांढऱ्या, दुसऱ्याच्या लाल उमटतात. दोन्ही प्रकार आळीपाळीने हाताळतात, म्हणजे सरमिसळ झालीच तर रंगावरून पकडता येते.

माध्यमात सायट्रेटही (लिंबातल्या आम्लाचा क्षार) भरपूर असतं. ऑक्सिजन असताना ई. कोलाय ते खाऊ शकत नाही, इतकं की ही त्या जातीची ओळख मानली जाते. साधारण ३१,५०० पिढ्यांनंतर एकाच फ्लास्कमध्ये ते खाणारा प्रकार उगवला आणि थोड्याच काळात तो फ्लास्क बाकीच्यांपेक्षा कितीतरी गढूळ झाला. बाहेरचा जिवाणू शिरला का, हे आधी तपासलं. शिरला नव्हता. २००८ मध्ये निष्कर्ष आले, २०१२ मध्ये कारण: डीएनएचा २,९३३ बेसचा (अक्षरांचा) एक तुकडा दुप्पट झाला होता. त्यामुळे सिटटी या वाहकाच्या जनुकाची एक प्रत शेजारच्या, ऑक्सिजनमध्ये चालू असणाऱ्या नियंत्रकाखाली आली. सायट्रेट आत घेणारं दार पेशीत आधीही होतं, पण ऑक्सिजन असताना बंद.

गोठवलेल्या साठ्यातून पुन्हा पळवल्यावर ही क्षमता २०,००० पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतूनच परत आली, आधीच्यांतून नाही. म्हणजे आधी इतर बदल घडून जमीन तयार व्हावी लागली.

आयडीच्या बाजूचं उत्तरही प्रामाणिकपणे नोंदवते. २०१६ मध्ये स्कॉट मिनिच यांच्या गटाने दाखवलं की थेट सायट्रेटवर उपाशी ठेवलं तर असे जिवाणू फार लवकर मिळतात, कमीत कमी १२ पिढ्यांत. त्यांचा निष्कर्ष: यात नवीन माहिती काही नाही, असलेल्या जनुकाची जागा बदलली. मला या प्रयोगातून उलटं दिसतं. निवडीचा दाब बदलला की तोच टप्पा हजारो पिढ्यांऐवजी काही दिवसांत गाठला जातो, हे बीहींच्या 'फार वेळ लागेल' या आकडेमोडीला पोषक नाही. प्रयोग आज ७५,००० पिढ्यांच्या पुढे आहे आणि २०२२ पासून टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला चालतो.

कायदाकोश

मिनिच यांचं नाव आलं म्हणून खटल्याबद्दल थोडक्यात. २००५ च्या डोव्हर खटल्यात आयडीच्या बाजूने साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांमध्ये बीही आणि मिनिच दोघंही होते.

पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर शाळा मंडळाने १८ ऑक्टोबर २००४ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की नववीच्या जीवशास्त्राच्या तासाआधी एक निवेदन वाचायचं: डार्विनचा सिद्धांत हे तथ्य नाही, त्यात उणिवा आहेत, आयडी हे वेगळं स्पष्टीकरण आहे आणि त्यावरचं 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक शाळेत उपलब्ध आहे. शिक्षकांनी वाचायला नकार दिला, तेव्हा प्रशासनाच्या लोकांनी वाचलं. ११ पालक कोर्टात गेले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला: आयडी हे विज्ञान नाही, सरकारी शाळेत ते शिकवणं घटनाबाह्य आहे.

निर्णायक ठरले ते पुस्तकाचे जुने मसुदे. जून १९८७ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत 'क्रिएशन सायन्स' (ईश्वराने सृष्टी निर्माण केली हे विज्ञान म्हणून मांडणं) शिकवण्याची सक्ती करणारा लुइझियानाचा कायदा रद्द केला. त्याआधीच्या मसुद्यांत 'क्रिएशन' आणि 'क्रिएशनिस्ट' होते. त्यानंतरच्यात तीच व्याख्या, तीच वाक्यं, फक्त त्या जागी 'इंटेलिजंट डिझाइन' आणि 'डिझाइन प्रोपोनंट्स'. एका ठिकाणी बदल अर्धवट राहून जुन्या शब्दाची दोन टोकं नव्याला चिकटलेली होती. तत्त्वज्ञ बार्बरा फॉरेस्ट यांनी हे कोर्टात मांडलं.

उलटतपासणीत बीहींसमोर रोगप्रतिकार यंत्रणेच्या उत्क्रांतीवरचे ५८ शोधनिबंध आणि अनेक पुस्तकं ठेवली गेली. ते पुरेसं नाही, असं त्यांचं उत्तर होतं. निकालपत्रात याची नोंद आहे.

तर्कमुद्रा

निकाल योग्य, पण त्यातला तर्क तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सगळा पक्का नाही. हे उत्क्रांतीच्या बाजूच्यांनी मान्य केलं तर आपली बाजू मजबूतच होईल.

आयडीविरुद्ध दोन वाक्यं एका दमात म्हटली जातात: 'आयडी तपासताच येत नाही' आणि 'आयडी तपासून खोटं ठरलंय'. दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. क्रिएशन सायन्स शाळेत शिकवण्यावरून झालेल्या १९८२ च्या आर्कान्सा खटल्यानंतर तत्त्वज्ञ लॅरी लाउडन यांनी हेच दाखवलं होतं. ते स्वतः क्रिएशनवादाच्या विरोधातलेच. त्यांचा सल्ला असा होता की 'विज्ञान की अविज्ञान' या कुंपणापेक्षा पुराव्याची बाजू लढवा.

मला वाटतं, दावे सुटे करावेत. 'अशी रचना पायऱ्यांनी होऊ शकत नाही' हे तपासता येतं, आणि व्हीएमएच्या कामाने ते खोटं ठरलंय. 'कुणीतरी बुद्धिमान कर्ता आहे' हे नुसतं तपासता येत नाही, कारण त्याला काय हवं होतं आणि काय जमत होतं हे सांगितल्याशिवाय त्यातून एकही अपेक्षा निघत नाही. तत्त्वज्ञ एलियट सोबर यांचा युक्तिवाद हाच आहे. पहिलं पडलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही, पण दुसऱ्याला आधारही उरत नाही.

हा वाद १८०२ च्या विल्यम पेलींच्या घड्याळापासून (घड्याळाला घडवणारा असतो, तसा सजीवांनाही असणार) सुरू झाला असं मानायचं कारण नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांचे आक्षेप १७७९ मध्ये छापले गेले होते. आपल्याकडे तर तो त्याच्या कितीतरी आधी, जास्त काटेकोरपणे झालाय. न्यायदर्शनाचं अनुमान असं: पृथ्वी, अंकुर वगैरे कर्त्याने केलेले आहेत, कारण ते कार्य आहेत, घटाप्रमाणे. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हे अनुमान सर्व बाजूंनी बांधलं.

सातव्या शतकातले बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांचा आक्षेप मला आजही सर्वांत धारदार वाटतो. घट मातीचा आहे आणि तो कुंभार करतो, म्हणून मातीची प्रत्येक रचना कुंभाराचीच म्हणाल, तर वारूळही कुंभाराने केलं असं मानावं लागेल. म्हणजे व्याप्ती ('जिथे हे, तिथे ते' हा अटळ संबंध) 'रचना' या ढोबळ शब्दावर बसत नाही. ज्या *प्रकारची* रचना कर्त्याकडून होताना पाहिली, त्या प्रकारापुरतीच ती बसते. बीही जेव्हा 'मोटर' हा शब्द वापरून माणसाच्या कारखान्यातल्या मोटरकडून पेशीतल्या मोटरकडे जातात, तेव्हा नेमकी हीच उडी असते. पेशीतली मोटर पेशीतून येते, आणि पेशी पेशीपासून येताना आपण रोज पाहतो.

नैयायिकांवर मात्र एक अन्याय करू नये. त्यांचा ईश्वर विज्ञानाच्या फटीत बसवलेला नाही. सगळ्याच कार्यांचा तो निमित्तकारण (घडवणारा कर्ता, घटाला कुंभार तसा) आहे, अंकुराचाही आणि परमाणूंच्या संयोगाचाही. उत्क्रांतीने अंकुर कसा आला हे सांगितलं तरी त्यांच्या अनुमानाला धक्का लागत नाही, ते खोडायचं तर व्याप्तीवरच खोडावं लागतं. आयडी याहून कमकुवत जागी उभं आहे, कारण शेपटी किंवा रक्त गोठणं अशा निवडक रचनांवर ते सारी भिस्त ठेवतं.

अथांग

रक्त गोठण्याबद्दल एक ओळ. माणसात रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतला बारावा घटक डॉल्फिन-देवमाशांत नाही, आणि त्यांचं रक्त गोठतं. बीहींनी आपला दावा साखळीच्या पुढच्या भागापुरताच आहे, असं म्हटलेलं आहे. तेव्हा हे उदाहरण देताना ती मर्यादाही सांगावी.

शोधयात्री

व्हीएमएचं उदाहरण मला वजनदार वाटलं. 'अशी कुठलीही रचना पायऱ्यांनी होऊच शकत नाही' हे विधान त्यापुढे टिकत नाही, हे मान्य. पण तिथे दोनाचे तीन भाग झाले, चाळीस नाही. शेपटीबद्दलचा माझा प्रश्न शिल्लक आहे.

जीवपेशी

शिल्लक राहू द्या, तो खरा संशोधनाचा प्रश्न आहे. त्यावर काम चालू आहे. फक्त एक सावधगिरी. २०१५ मध्ये रेडिंग विद्यापीठाच्या गटाने स्यूडोमोनास फ्लुओरेसन्समधून शेपटीचं मुख्य नियंत्रक जनुक, फ्लेक्यू, काढलं. जिवाणूंना उपाशी ठेवल्यावर ९६ तासांत शेपटी परत आली. नायट्रोजनचं नियमन करणाऱ्या यंत्रणेत दोन बदल झाले आणि तिचा नियंत्रक शेपटीची जनुकं चालवू लागला. हे काम सुंदर आहे, पण 'चार दिवसांत शेपटी उत्क्रांत झाली' असं कुणी फॉरवर्ड केलं तर थांबवा. शेपटीची जनुकं तिथे होतीच, फक्त त्यांचं बटण नवीन मिळालं.

फळा_खडू

दहावीला शिकवतो. राज्य मंडळाच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलंच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. एनसीईआरटीच्या दहावीतून २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भाग गेला, आपल्याकडे आहे. २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विन चुकीचा असल्याचं विधान केलं, तेव्हापासून मुलं 'अर्धा डोळा काय कामाचा' हा प्रश्न हमखास विचारतात. व्हीएमएचं उदाहरण ३५ मिनिटांच्या तासात करून दाखवता येईल का?

सूक्ष्मा

येईल. पुठ्ठ्यावर, सरळ केलेल्या रूपात.

प्रत्येक गटाला सहा तुकडे द्या: एक 'ख' आणि पाच 'क', सगळे गोल मांडायचे. नियम एकच. 'क' तुकडा 'ख'च्या उजवीकडेही बसतो आणि डावीकडेही, आणि 'क' एकमेकांशेजारी कुठेही बसतात. कडं पूर्ण जुळलं तरच पेशी जगली. हा पूर्वज.

आता जनुक दुप्पट करा. 'क'चे दोन संच, पाच तांबडे आणि पाच निळे. अजून दोन्ही सारखेच, कुठल्याही एका रंगावर कडं जुळतं. हे मुलांना स्वतः करून बघू द्या, घाई करू नका.

मग नाणं उडवून तांबड्याची एक क्षमता घालवा: छापा आला तर 'ख'च्या उजवीकडे बसणं बंद, काटा आला तर डावीकडे. तुकड्यावर पेनने फुली मारायची. कडं अजून जुळतं, कारण ती जागा निळा भरतो. पुन्हा नाणं, या वेळी निळ्यासाठी. दोन शक्यता आहेत. निळ्याची दुसरी बाजू गेली, तर एका बाजूला तांबडा आणि दुसऱ्या बाजूला निळा ठेवून कडं जुळतं. आता कुठलाही एक रंग काढून घ्या, उरलेल्या रंगाचे पाच तुकडे वापरूनही ते जुळणार नाही. किंवा निळ्याची तीच बाजू गेली, तर त्या जागी बसायला कुणीच नाही, तो गट बाद.

बाद झालेल्या गटांची संख्या फळ्यावर लिहा, पुसू नका. निवड म्हणजे काय ते तिथे दिसतं. उरलेल्या प्रत्येक गटाकडे तीन प्रकारच्या तुकड्यांचं, एकही काढता न येणारं यंत्र असेल, आणि ते जुळवून देणारं कुणी त्या वर्गात नव्हतं.

चूक होते ती एकाच ठिकाणी. नाणं न उडवता 'आता उजवी बाजू कापा' असं सांगितलं की मुलांना वाटतं, बदल कामासाठी ठरवून झाला. म्हणून नाणं हवंच. वेळ कमी असेल तर तुकडे आदल्या दिवशी कापून ठेवा, पण नाणं वर्गातच उडवा.